पाठ केलेली उत्तरं

बिबवेवाडी, पुणे
संकष्टी, दुपार

प्रिय रंगनाथ,

तुमचं पार्सल गुरुवारी मिळालं. आत एक निळा स्वेटर, एक लोकरीची टोपी, कानात घालायचे हेडफोन, इंग्रजी संभाषणाचं चित्रांचं पुस्तक आणि चॉकलेटचा डबा, एवढं आलं. पोस्टमनने ड्युटी म्हणून नऊशे चाळीस रुपये दारात उभं राहून घेतले, म्हणजे तुमची भेट मला विकत घ्यावी लागली. स्वेटर दंडाला अडकतो. टोपीला बिबवेवाडीत काम नाही. चॉकलेटं खालच्या मजल्यावरच्या मुलांना वाटून टाकली, कारण मला मधुमेहाची गोळी सुरू होऊन चार वर्षं झाली. हेडफोन आणि पुस्तक परीक्षेच्या तयारीसाठी होते असं तुमच्या चिठ्ठीत आहे. परीक्षा होऊन गेल्यावर ते पोचले. वरातीमागून घोडं म्हणतात ते कसं असतं, हे निदान डोळ्यांनी पाहिलं.

तुम्हाला या पत्रातून फक्त निकाल हवा असणार. तो शोधायला तुम्ही आधी शेवटचं पान उघडाल, तुमची सवय मला ठाऊक आहे. म्हणून तो मधेच कुठेतरी लिहिला आहे. सगळं वाचावं लागेल.

वर नाव लिहिलंय ते बरोबरच वाचलंत. लग्नाला तेवीस वर्षं झाली, मी तुमचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. हळदीकुंकवाला घेतलं असेल तर उखाण्यातून, आणि तेही इतकं भरभर की शेजारणीला चांदीच्या ताटापर्यंतच ऐकू यायचं. रेशनकार्डाच्या खिडकीवर विचारलं तेव्हाही मी कागद पुढे केला होता. मग या क्लासात पहिल्याच दिवशी अस्मिताने विचारलं, वॉट इज युअर हज्बंड्स नेम. ही अस्मिता म्हणजे पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत इंग्रजी बोलायला शिकवते ती, असेल तिशीची. मी पदर सारखा करायला लागले. तिला वाटलं, मला प्रश्न कळला नाही. तिने हळू, मोठ्या आवाजात, बहिऱ्याला विचारावं तसं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, ही इज इन इंग्लंड. शिकायला परदेशी निघालेली पोरं-पोरी खुसखुसली. एकीने तर मला समजावलं, आंटी, नेम म्हणजे नाव. तेव्हा सांगून टाकलं, रंगनाथ. काही झालं नाही. मंगळसूत्र तुटलं नाही, गिरणी चालूच राहिली. दुसऱ्या दिवशी तेच नाव पाच वेळा घेतलं आणि पाचव्या वेळेला तर ते भाजीवाल्याचं असावं तसं सहज आलं. तेवीस वर्षं जपलेली गोष्ट इतक्या लवकर संपते हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

ही परीक्षा कुणाच्या सांगण्यावरून द्यायला बसले ते तुम्ही विसरला नसालच. दिवाळी झाल्यावर तुमचा फोन आला. तुम्हाला तिकडे कायमचं राहायची परवानगी मिळाली, आता बायकोला नेता येतं, तिने फक्त इंग्रजी बोलायची सगळ्यात सोपी परीक्षा पास व्हायची आणि अर्जावर सही करायची, वैशाखाच्या आत. तिकडच्या मंदिरात दोन वर्षांसाठी पुजारी म्हणून गेलात त्याला सात वर्षं झाली. दर वर्षी पुढच्या वर्षी नेतो म्हणालात. अप्पा अंथरुणाला खिळले, त्यांचं सगळं सून म्हणून मी केलं. अप्पा गेले, तेव्हा तुमच्याकडे नवरात्र होतं, गर्दीचे दिवस होते, रजा नव्हती. मुलगा असून चुलतभावाने, श्यामभावजींनी, अग्नी दिला. श्राद्धाचे मंत्र तुम्ही फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेत. त्यात मधेच कुणाचा तरी निरोप आल्याची टिंग वाजते. दर वर्षी भावजी पिंड ठेवायला वाकतात आणि बरोब्बर ती टिंग येते. भटजींचा मुलगा भटजी, आणि बापाच्या पिंडाला टिंग. तिकडच्या लोकांच्या घरी मात्र तुम्ही जातीने जाता, असं ऐकते.

तरीही वैशाख म्हणालात तेव्हा मी कॅलेंडर काढलं, हे लपवत नाही. तुळस कुणाकडे ठेवायची, देवातला बाळकृष्ण पिशवीत चालतो की हातात न्यावा लागतो, हेही देवळात विचारून आले.

मग तुम्ही उत्तरं पाठवलीत. प्रश्न काय येतील आणि त्यांना काय उत्तर द्यायचं, सगळं तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून. म्हणालात, डोकं चालवू नकोस, हे पाठ कर. पाठ करायला मला काय लागतं. विष्णुसहस्रनाम पाठ आहे, अथर्वशीर्ष पाठ आहे, अर्थ विचाराल तर चार ठिकाणी अडखळेन, पण जीभ अडखळत नाही. तुमची उत्तरंही तशीच केली. सकाळी फुलं निवडताना एकदा, भांडी घासताना एकदा, रात्री दिवा शांत झाल्यावर एकदा. दहावीला इंग्रजीत काठावर पास झालेली बाई, शब्द ओळखीचे होते, पण पाठांतर एकदा चालीत बसलं की अर्थाकडे कोण बघतं. आठवड्याभरात चढउतारासकट बसलं. वाक्य संपताना तुम्ही घसा खाकरता, तो खाकरा धरून.

क्लासात म्हणून दाखवलं तर अस्मिताने हात वर केला. म्हणाली, काकू, तुम्ही आरती म्हणताय. परीक्षक मनातल्या मनात टाळ्या वाजवेल आणि नापास करेल. पाठ केलेलं त्यांना पहिल्या वाक्याला कळतं. मग म्हणाली, एकेक वाक्य म्हणा आणि त्याचं मराठी सांगा, आम्हाला कळू दे तुम्ही कोण आहात ते. मी सांगायला लागले. मला दोन चमचे साखरेचा चहा आवडतो. माझा आवडता रंग लाल. माझी जिवाभावाची मैत्रीण शालू, आम्ही रोज संध्याकाळी बागेत फिरतो. मला बाहेर जायला फारसं आवडत नाही. मला नोकरी नको. मला शंभर माणसांचा स्वयंपाक करता येतो. रविवारी मी मंदिराच्या स्वयंपाकघरात पतीला मदत करीन. सणाला मी पहाटे उठून नैवेद्य करीन. मी कधी थकत नाही. एवढं झाल्यावर मीच थांबले. मग मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, आंटी, हे तर जॉब डिस्क्रिप्शन वाटतंय. तिला कुणी गप्प केलं नाही.

साखरेचं वर लिहिलंच आहे. शालूला जाऊन दोन वर्षं झाली. तुम्हाला कळवलं होतं. तुम्ही जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं होतंत. ती बाई गेल्यानंतर मी त्या बागेच्या रस्त्यानेसुद्धा जात नाही, आणि तुम्ही मला रोज संध्याकाळी तिच्याबरोबर फिरायला पाठवता. तीही बागेत येत नाही, मीही नाही, म्हणून बरं आहे.

त्याच रात्री मी फोन केला होता, आठवत असेल. तुम्ही म्हणालात, अगं, परीक्षेपुरतं आहे ते, तिथे कोण तपासायला येतंय. मी विचारलं, स्वयंपाकाचंही परीक्षेपुरतंच का. तेव्हा तो खाकरा आला. मग निघालं की स्वयंपाक करणारी बाई दसऱ्यालाच काम सोडून गेली, आणि कमिटीचे लोक म्हणतात, पुजाऱ्याची बायको आली म्हणजे दोन्ही प्रश्न सुटतील. दुसरा प्रश्न कुठला, तर मोठ्या पूजेला जोडप्याने बसायचा. सात वर्षं तुम्ही कनवटीला सुपारी लावून बसलात, बायको जवळ नसली की शास्त्रात ती सोय आहे. आता कमिटीला सुपारी चालेना. मी फोनवर बोलले नाही, ते इथे लिहिते. सुपारीचं माझ्यापेक्षा बरं चाललं होतं. तिला वर्षातून चार वेळा हळदकुंकू मिळत होतं, तुमच्या अंगाला अंग लावून बसायला मिळत होतं, आणि कुणी तिला शंभर माणसांची कणीक मळायला सांगत नव्हतं. तिला फक्त बोलता येत नव्हतं. तेवढी अडचण होती म्हणून मला क्लास लावलात की काय, असं माझ्या मनात आलं. संकष्टीच्या दिवशी खोटं लिहिणार नाही, अजूनही येतं.

मी तेव्हाच परीक्षा सोडणार होते. अस्मिता म्हणाली, काकू, जायचं की नाही ते नंतर ठरवा, आधी स्वतःची उत्तरं तरी तयार करा. म्हटलं, त्यात काय, बसल्या बसल्या होतील. नाही झाली. आवडता रंग कोणता, यावरच मी दोन दिवस अडले. लाल तुम्ही सांगितलात, तुमच्या आईने सांगितला होता, दुकानदार सवाष्णीला तोच पुढे करतो. मला कोणता, ते कुणी विचारलं नव्हतं. शेवटी गॅलरीच्या कठड्यावर पारवा येऊन बसला, त्याच्या मानेवर ऊन पडलं, तेव्हा कळलं, हा. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते अस्मितालाही सांगता येईना, तिने चालेल तसं काहीतरी जुळवून दिलं. मग एकेक सुचत गेलं. रोज पूजेनंतर गणपतीपुढे इंग्रजीत बोलायचे. गुड मॉर्निंगपासून सुरुवात. देवाला सगळ्या भाषा कळतात असं तुम्हीच लोकांना सांगता, म्हणून त्याची परवानगी वेगळी घेतली नाही. इंग्रजीत एक बरं आहे, सगळं लहान होऊन जातं. मराठीत जे सांगायला मला आधी पदर सारखा करावा लागतो, ते तिकडे चार शब्दांत होतं आणि पुढचा प्रश्न येतो.

परीक्षेला दोघीदोघींना एकदम आत बसवतात. परीक्षकाशी बोलायचं, मग एकमेकींशी बोलायचं. माझ्याबरोबर लोणी काळभोरची संस्कृती होती. तेवीस-चोवीसची असेल, माघात लग्न झालेलं, नवरा तिकडे गोदामात कामाला. बाहेर बाकावर माझा हात धरून म्हणाली, काकू, माझी तर वाचाच बसलीया, तुम्ही काय बी बोला पण माझ्याकडं बघत बोला. मी तिला तीर्थाची बाटली दिली, तर तिने पाणी समजून अर्धी संपवली.

आत परीक्षक बाई होत्या. पहिलं नाव, मग राहता कुठे, मग डू यू हॅव चिल्ड्रन. मी म्हटलं, नो. त्या म्हणाल्या, ओके, अँड वॉट डू यू डू इन द मॉर्निंग. एवढंच. ज्या प्रश्नावर आपल्या दोन्हीकडच्या माणसांनी वीस वर्षं घालवली, नवस झाले, डॉक्टर झाले, तुमच्या मावशींचं दुसरं लग्न सुचवणं झालं, तो तिथे एका अक्षरात मिटला. त्या बाईंना वाईटही वाटलं नाही. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मग आम्हा दोघींना विषय दिला, आपल्या घरातल्या एका माणसाविषयी एकमेकींना सांगा. संस्कृतीची बसलेली वाचा नवऱ्याचं नाव निघाल्याबरोबर उठून उभी राहिली. मोडकंतोडकं, पण थांबेना. तो चपातीला सॉस लावून खातो. तो कुत्र्याला भितो. तो न्हाणीघरात गातो आणि दार वाजवलं की चूप. मग माझी पाळी आली. मी दुसऱ्या कुणाविषयी बोलायचं ठरवून गेले होते, अप्पांविषयी तयारीही केली होती. पण तोंडून निघालं, माय हज्बंड्स नेम इज रंगनाथ. मग तुम्ही पहाटे उठता, उठल्यावर आधी उजवा तळहात बघता. चहा आवाज न करता पिता. उपरणं चौघडी करूनच ठेवता, दुसऱ्याने केलेली घडी मोडून पुन्हा करता. आजारी माणसाच्या खोलीत तुम्हाला उभं राहवत नाही, तिथून तुम्ही काहीतरी काम काढून बाहेर जाता, आणि बाहेर जाऊन नुसते उभे राहता. हे सगळं मी बोलले. इंग्रजी कसं होतं देव जाणे, पण अडलं नाही, परीक्षक बाईंनीच हात करून थांबवलं. इतक्या वर्षांत तुमच्याविषयी मी कुणाशी एवढं बोलले नव्हते. मला वाटलं होतं, माझ्याकडे तुमच्याविषयी आता रागाशिवाय काही शिल्लक नाही.

नियम असा की दुसरीने एक प्रश्न विचारायचा. संस्कृतीने खूप विचार केला आणि विचारलं, वॉट युअर हज्बंड लाइक अबाउट यू. भाबडी पोर, तिला सोपं वाटलं असणार. तिच्या घरी ते रात्रंदिवस फोनवर चालत असेल. गणपतीपुढे मी माझ्या आवडीची सगळी उत्तरं तयार केली होती, हा प्रश्न कुणीच काढला नव्हता. बाई पेन हातात धरून थांबल्या. गप्प राहिलं तर मार्क जातात, एवढं डोक्यात होतं. आणि जीभ आपसूक तुमच्या पाठांतरावर गेली. आय कॅन कुक फॉर हंड्रेड पीपल. शेवटी खाकरा सुद्धा. परीक्षक बाई हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहिलं.

मी पास झाले. सापडला ना निकाल. संस्कृतीही झाली, कालच तिचा फोन आला, निघायची तयारी चालू आहे, सासू लोणचं बांधून देतीया म्हणाली. बाहेर आल्यावर मला म्हणाली होती, काकू, तुमचं लई भारी झालं, तुमचे मिस्टर लई खूश होतील. मी म्हटलं, होतील, त्यांना माणूस मिळालं.

अर्ज अस्मिताच्या कॉम्प्युटरवर भरून तयार आहे, फक्त माझी सही राहिली आहे. मी ती केलेली नाही. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही हो-हो म्हणून, मंदिरात लोक आलेत म्हणून, फोन ठेवला असतात, म्हणून कागदावर लिहिते आहे. मी तुमच्या सांगण्यावरून परीक्षा दिली, आता माझ्या सांगण्यावरून तुम्ही द्यायची. संस्कृतीचा प्रश्न तुम्हाला आहे. विषय, तुमची पत्नी. इंग्रजी नको, मराठीतच लिहा, शुद्धलेखनाचे मार्क कापणार नाही. श्यामभावजींना फोन करून विचारायचं नाही, मला विचारायचं नाही. सोशिक, सुगरण, घर सांभाळणारी, हे पाठ केलेलं असतं, ते मला पहिल्या वाक्याला कळेल. स्वयंपाकाचा शब्द आला की पत्र तिथेच मिटीन आणि कमिटीला दुसरी बाई शोधायला सांगा. मोठं लिहायची गरज नाही. पण त्यात निदान एक गोष्ट अशी असू दे, जी तुम्हाला माझ्याविषयी ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं. तेवढी एक असली तरी मी सही करीन आणि वैशाखाच्या आत येईन. उत्तर तुमच्याच अक्षरात, उलट टपाली पाठवा.

निकाल लागेपर्यंत तुमचीच,
आनंदी